टगबोटींचे फोटो : जहाजाची भिंत येते, टगचा ठिपका होतो

भिजका कॅमेरा · शनिवार, रात्री ११:१२

मंडळी,

गेले तीन महिने सुट्टीच्या दिवशी सकाळी बंदराच्या सार्वजनिक धक्क्यावर जाऊन बसतोय. सुरुवात मोठ्या जहाजांपासून झाली. मग एकदा लक्षात आलं, की आपण जहाज सोडून त्याच्या कुशीला डोकं लावून रेटणाऱ्या दोन बुटक्या बोटींकडेच बघत बसलोय. तेव्हापासून टगचं खूळ डोक्यात शिरलंय ते निघत नाही.

पण फोटोत काही उतरत नाही. आजवर दोन हजारांच्या वर काढले असतील, दाखवण्यासारखे चार. बाकी सगळ्यांत एक लांबलचक लोखंडी भिंत आणि तिच्या पायथ्याशी ठिपका. टग मोठी दिसावी म्हणून झूम ओढला तर भिंत कापली जाते आणि टग एकटीच उरते, जणू हवा खायला निघालीय. डोळ्यांना जो जोर दिसतो तो फोटोत कुठे जातो?

दुसरं दुखणं वेळेचं. काहीतरी घडतंय असं वाटून कॅमेरा उचलावा, तोवर ते होऊन गेलेलं असतं.

ते चार फोटो डकवतोय. (चौथ्यात टग उलटी चाललीय, बहुतेक काम संपवून परत जाताना.) भीडभाड न ठेवता सांगा.

चष्मेवाली · शनिवार, रात्री ११:३०

फोटो दिसत नाहीयेत.

भिजका कॅमेरा · शनिवार, रात्री ११:३४

आता बघा.

चष्मेवाली · शनिवार, रात्री ११:४१

दिसले. तिसरा छान. पहिल्या दोनांत क्षितिज इतकं कललंय की समुद्र उजवीकडून सांडेल.

अपर्चर आठ · रविवार, सकाळी ७:०५

भिकॅ, फोटोंवरच्या वेळा बघितल्या. चारही साडेदहा ते साडेबारामधले. तुम्ही सकाळी जाता म्हणता, मग तोवर करता काय? लांब लेन्सने पाण्यावरून आडवं बघताना मधली तापलेली हवा थरथरते. कडा वितळल्यासारख्या येतात आणि माणूस उगाच लेन्सला शिव्या घालतो. ऊन चढलं की अर्ध्या किलोमीटरपलीकडचं काढूच नका. जवळचं काढा, नाहीतर पाठ टेकून बघत बसा.

जहाज पूर्ण फ्रेममध्ये घ्यायचा मोह सोडा. पूर्ण जहाज दिसलं की त्याचा आकार कळतो, पण ते केवढं आहे हे कळत नाही. तीन बाजूंनी फ्रेमबाहेर गेलेलं जहाजाचं पोट, त्याला टेकलेली टग आणि टगच्या डेकवर केशरी जॅकेटातला एक माणूस. तो माणूस हवाच. तो नसेल तर सगळं खेळण्यातलं वाटतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत तो आहे, म्हणून चष्मेवालीताईंना तोच आवडला.

शटरचं म्हणाल तर टग सावकाश चालते म्हणून लोक १/२५० वर, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर, निवांत असतात. दोर ताणला जातो, त्यातून पाण्याची फवारणी उडते, ते काही सावकाश नसतं. तिथे १/१००० च्या खाली जाऊ नका. पंख्यांनी घुसळलेलं पाणी मात्र १/२००० ला गोठवलंत तर कापसाच्या बोळ्यासारखं मेलेलं येतं. टग जहाजाला टेकून रेटत असताना ती स्वतः जवळजवळ स्थिर असते. तेव्हा १/६० वर या, पाण्याला वाहू द्या. तुम्ही विचारताय तो जोर पाण्यात आहे. टगच्या अंगावर तो दिसत नाही.

पोलरायझर लावला तर ओल्या रंगावरची चकाकी जाते आणि पत्र्यावरचे पोचे दिसायला लागतात. दीडदोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश जातो, तेवढं सोसायचं.

उंटावरचा शहाणा · रविवार, सकाळी ९:५०

एवढी कटकट कशाला? ड्रोन उडवा की वरून. टगही येईल, जहाजही येईल.

अपर्चर आठ · रविवार, सकाळी १०:१५

वरून सगळं नकाशासारखं सपाट दिसतं. आणि बंदरावर विनापरवाना ड्रोन उडवलात तर फोटो पोलिसांच्या अल्बमात लागेल, तुमचा.

जुना सारंग · रविवार, दुपारी २:२०

फोटोतलं मला काही कळत नाही. आयुष्य टगवर गेलं, शेवटची बारा वर्षं चाकावर. चाक म्हणायचं आपलं, हल्ली दोन हातांत दोन मुठी असतात. चौथा फोटो बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

ती टग परत जात नव्हती. ऐन कामात होती.

हल्लीच्या बहुतेक बंदरी टग एएसडी जातीच्या, म्हणजे अझिमथ स्टर्न ड्राइव्ह. मागे पाण्याखाली दोन पंखे, आणि दोन्ही आपापल्या उभ्या आसाभोवती पूर्ण ३६० अंश फिरतात. सुकाणूची पाटी नाहीच, पंखा वळवला की टग वळली. ओढायचं विंच, म्हणजे दोर गुंडाळायचं यंत्र, पुढच्या डेकवर. म्हणून जहाजाच्या नाकासमोर लागायचं असेल, ज्याला आम्ही सेंटर लीड फॉरवर्ड म्हणतो, तर टग जहाजाकडे तोंड करते आणि जहाज जितक्या वेगाने येतंय तितक्याच वेगाने मागे मागे चालते. सहा-सात नॉटने (ताशी अकरा-तेरा किलोमीटर) डोंगर अंगावर येतोय, तुम्ही त्याच्याकडे बघत पाठमोरे पळताय आणि मध्ये पाणी उरलंय चार-पाच मीटर. त्यातच वरून दोरी झेलायची. पाण्याखाली जहाजाचं बोंडासारखं नाक पुढे आलेलं असतं, ते दिसत नाही. नाकापाशी पाण्याचा रेटा असतो, जरा मागे खांद्यापाशी गेलात की ओढ. टगचा कप्तान त्या वेळी कुणाशी बोलत नाही. तुमच्या फोटोत त्याच्या केबिनची काच दिसतेय, आत माणूस पुढे वाकलेला आहे. पुन्हा बघा.

दुसरी जात ट्रॅक्टर टगची. तिचा जोर पुढच्या भागात, पोटाखाली, आणि दोर मागून जातो. त्यातल्या व्हॉइथवाल्यांना नेहमीचा पंखाच नसतो. एक मोठी तबकडी फिरते, तिच्यातून उभी पाती खाली लोंबतात आणि प्रत्येक पात्याचा कोन फेरीगणिक बदलत राहतो. त्यामुळे टग क्षणात कुठल्याही दिशेला जाते, आडवीसुद्धा. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट श्नायडरची ही कल्पना, जर्मनीच्या व्हॉइथ कंपनीने ती घडवली आणि १९२८ साली ‘टॉर्केओ’ नावाच्या बोटीवर चालवून बघितली. शंभरीला आली, तरी अजून तोच हिशोब चालू आहे.

तिसरी जुनी जात. पंखा मागे, सुकाणू त्याच्या मागे आणि ओढायचा हुक मधोमध. मी तिच्यावर शिकलो. तिचं पुन्हा कधीतरी.

चष्मेवाली · रविवार, दुपारी २:५८

काका, दंडवत! केबिनमधला माणूस खरंच वाकलेला आहे. आम्ही सगळ्यांनी तो फोटो ‘उलटी टग’ म्हणून सोडून दिला होता.

भिजका कॅमेरा · रविवार, दुपारी ३:३०

काढणाऱ्यानेसुद्धा.

सारंगकाका, खूप आभार. आता मूळ दुखणं. काय होणार आहे हे आधी कळतं का?

जुना सारंग · रविवार, संध्याकाळी ६:४०

कळतं. बंदरात अचानक काही होत नसतं. अचानक झालं तर तो अपघात.

टग आपल्या जागेवरून हलल्या की जहाज आत येतंय किंवा कुणीतरी निघतंय. धुराड्यातून पहिला काळा भपका येतो तेव्हा इंजिन चालू झालं, निघायला थोडा वेळ आहे, लेन्स पुसून घ्या. पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा, जहाजावर बाहेरच चढलेला असतो. वर अर्धा पांढरा, अर्धा लाल असा उभ्या पट्ट्यांचा झेंडा दिसला की समजा पायलट आलाय. मग जहाजाच्या नाकावर बघा. तिथे खलाशी गोळा व्हायला लागले की दोराची तयारी. इथे कॅमेरा डोळ्याला लावायचा.

आधी वरून हिव्हिंग लाइन येते. बारीक दोरी, टोकाला वळून बांधलेली गाठ, ती वजनामुळे लांब जाते. टगवरचा खलाशी ती पकडतो, तिला मधली जाड दोरी बांधतो, त्या दोरीला खरा दोर. वरचे ओढून घेतात, दोराचा फासा खुंटावर टाकतात आणि हात वर करतात. हा हात बघा. त्यानंतर टग लगेच ओढत नाही, हलकेच मागे सरकते. दोर पाण्यातून वर येतो, निथळतो, सरळ होतो. अपर्चर आठ म्हणतात ती फवारणी तेव्हाची.

जहाजाच्या कुशीवर पांढऱ्या रंगात इंग्रजीत ‘टग’ असं लिहिलेलं आणि खाली बाण असतो, तो बघितलाय का? रेटायचं ते तिथेच. आत मजबूत चौकट असते. दुसरीकडे रेटलं तर पत्रा आत जातो. म्हणजे टग कुठे टेकणार हे जहाजानेच तुम्हाला लिहून दिलंय. आधीच जाऊन समोर उभे राहा. गोल आणि त्यात फुली असेल तर तिथे जहाजाचा आडवा पंखा आहे. आत पंखा चालू असताना टग तिथे जात नाही.

सुटताना घाई करू नका. सगळे फोटोवाले जहाज धक्क्याला लागलं की उठतात. दोर सोडणं बघायचं असतं. वरच्यांनी तो सावकाश खाली द्यायचा असतो. आळशी खलाशी फासा काढून सरळ पाण्यात सोडून देतात. तो पंख्यात गेला तर ऐन वेळी टग लुळी. अशा वेळी टगवरून ज्या शिव्या वर जातात त्या फोटोत येत नाहीत हे बरंच आहे.

नकाशाबहाद्दर · रविवार, रात्री ८:१०

काकांच्या प्रतिसादाला जोड. जहाजं दाखवणारे नकाशे फोनवर सगळ्यांकडे असतात, पण लोक त्यात मोठी जहाजं शोधतात. टग शोधा. एआयएसमध्ये, म्हणजे जहाजं आपला ठावठिकाणा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेत, प्रत्येक जहाजाच्या प्रकाराला आकडा असतो, टगचा ५२, पायलट बोटीचा ५०. तेवढेच गाळून ठेवा. दोन टग एकदम बंदराच्या तोंडाकडे निघाल्या की मी जिना उतरतो.

आणि भरती-ओहोटीचं कोष्टक. खोल बुडणारी जहाजं भरतीचं पाणी धरून येतात, कारण तळाखाली पाणी उरायला हवं. सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ आठवतंय? ४०० मीटरचं जहाज, २३ मार्च २०२१ ला आडवं रुतलं, २९ ला सुटलं. गाळ उपसला, टगनी ओढलं, आणि पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीने हात दिला. टगचा जोर आणि पाण्याची उंची यांचं हे नातं छोट्या बंदरातही रोज चालू असतं. सकाळच्या कोवळ्या उन्हात भरती येणारे दिवस महिन्यात मोजकेच. ते आधी कॅलेंडरवर मांडा, मग गजर लावा.

उंटावरचा शहाणा · रविवार, रात्री ९:०२

मला एक कळत नाही. एवढंसं पोर एवढ्या धेंडाला हलवतं कसं? इंजिन किती मोठं असणार?

जुना सारंग · रविवार, रात्री ९:४५

चांगलं विचारलंत. टगचा सगळा पसारा पाण्याखाली आणि डेकच्या आत. वर दिसते ती फक्त खोली. २५-३० मीटरच्या टगमध्ये चार-पाच हजार अश्वशक्ती सहज असते. आमच्यात मोजतात ते मात्र बोलार्ड पुल. टग काठावरच्या खुंटाला बांधायची, पूर्ण ताकदीने ओढायचं, दोरात मापक लावायचा. किती टन ओढलं तो तिचा आकडा. मोठ्या बंदरातल्या टग ६०-८० टनांच्या असतात.

तरी जहाज लाख-दोन लाख टनांचं. पण ते पाण्यावर आहे ना. पाण्यावर वजन उचलायचं नसतं, सरकवायचं असतं. सरकायला लागायला वेळ लागतो आणि एकदा सरकलं की थांबायलाही. सगळी विद्या थांबवण्यात आहे. जहाज वळवताना एक टग पुढच्या खांद्याला या बाजूने, दुसरी मागच्या कुशीला त्या बाजूने. जात्याला समोरासमोर बसून दोघींनी हात लावावा तसं ते जागच्या जागी फिरतं.

आणि चालत्या जहाजामागे बांधलेली टग कधी कधी मुद्दाम तिरकी होते. दोर तारेसारखा ताणतो, टग एका कुशीवर कलते, डेकची कड पाण्याला लागेलशी वाटते. बघणाऱ्याला वाटतं बुडाली. ती इंजिनाने ओढतच नसते तेव्हा. वाहत्या पाण्याला आपलं अंग आडवं देऊन त्याचाच दाब दोरावर घालत असते. आठ-दहा नॉट वेगात हा ताण तिच्या बोलार्ड पुलच्या वर जातो. याला इनडायरेक्ट म्हणतात. टँकरला साथ देणाऱ्या टग हेच करतात. १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ खडकावर चढलं, तेल सांडलं, त्यानंतर १९९० च्या कायद्याने तिथे टँकरसोबत दोन साथीदार बोटी सक्तीच्या केल्या. असा सराव बघायला मिळाला तर सगळी कामं टाकून जा.

अपर्चर आठ · रविवार, रात्री १०:०४

काका, ‘सगळा पसारा पाण्याखाली’ हे वाचून माझ्या जुन्या फोटोंकडे नव्याने बघतोय. त्यांत बोटीपेक्षा तिच्या मागचा खड्डा मोठा आहे.

कॅनव्हासवाला · सोमवार, सकाळी ११:२०

थोडं अवांतर. टगचं सगळ्यांत गाजलेलं चित्र कॅमेरा रुळण्याच्या आधीचं आहे. १८३८ मध्ये ‘टेमेरेअर’ हे जुनं लढाऊ जहाज मोडीत काढायला थेम्स नदीतून ओढून नेलं आणि इंग्रज चित्रकार टर्नरने १८३९ मध्ये त्याचं चित्र प्रदर्शनात मांडलं. पांढरं फटक भुतासारखं जहाज आणि पुढे धूर ओकणारी काळी टग. गंमत अशी की प्रत्यक्षात टग दोन होत्या, आणि जहाजाच्या डोलकाठ्या आधीच उतरवलेल्या होत्या. टर्नरने एक टग काढून टाकली, डोलकाठ्या परत उभ्या केल्या.

उंटावरचा शहाणा · सोमवार, सकाळी ११:३३

म्हणजे फोटोशॉप १८३९ पासून.

चष्मेवाली · सोमवार, सकाळी ११:५०

विषय निघालाच आहे तर, फोटोतून टायर पुसणाऱ्यांचं काय करायचं? परवा एकांनी टगचा फोटो दाखवला, कडेचे सगळे टायर गायब, बोट चकचकीत. म्हणे घाण दिसत होतं.

अपर्चर आठ · सोमवार, दुपारी १२:१५

मी एकदा पुसलेत. कबूल करतो. एकच टायर होता, लोंबत होता, नजर तिकडेच जात होती.

जुना सारंग · सोमवार, दुपारी ४:००

टायर पुसलात तर उरलं काय? ते टगचे हात आहेत. नव्या टगांच्या नाकाला जाड घडीव रबर असतं, तरी वर टायर लटकवतातच. कुठला टायर किती झिजलाय, कुठली साखळी नवी आहे यावरून ती टग कुठल्या बाजूने जास्त टेकते ते कळतं. लोंबणारा टायर म्हणजे आदल्या दिवशीच्या कामात साखळी तुटलीय आणि अजून कुणाला वेळ झालेला नाही. पुसू नका हो.

अपर्चर आठ · सोमवार, दुपारी ४:०६

परत आणतो, काका.

निशाचर · सोमवार, रात्री १२:४०

रात्रीबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. दिवसापेक्षा सोपं आहे, विश्वास ठेवा. जहाज धक्क्याला लागल्यावर त्याचे दोर काठावर बांधून होईपर्यंत टग त्याला दाबून धरते. कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. तेवढा वेळ ती जागची हलत नाही, मागे पाणी मात्र उकळतंय. काठावर तिपाई, दोन ते चार सेकंदांचं एक्स्पोजर. टग खिळ्यासारखी स्पष्ट येते आणि मागे डेकच्या दिव्यात पेटलेलं पाणी. तिपाई फक्त जमिनीवर हं, बोटीत बसून काढायचं असेल तर ती घरी ठेवा, इंजिनाची थरथर तिच्यातून थेट कॅमेऱ्यात चढते.

दिवे वाचायला शिका. डोलकाठीवर एकावर एक दोन पांढरे दिवे म्हणजे टग ओढतेय किंवा रेटतेय. तीन असतील तर टगच्या मागच्या टोकापासून ओढलेल्याच्या शेवटापर्यंतची लांबी २०० मीटरच्या वर. मागून बघताना पांढऱ्यावर पिवळा दिवा दिसला तर मागे दोर आहे, अंधारात दिसत नसला तरी. छोट्या होडीतून फोटो काढायला जाणाऱ्यांनी हे पाठ करा. टग आणि तिने ओढलेली बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) यांच्या मधली मोकळी जागा मोकळी नसते.

वर पांढरा, खाली लाल म्हणजे पायलट बोट.

भिजका कॅमेरा · मंगळवार, रात्री १०:२०

निशाचर, हे सोनं आहे.

सारंगकाका, ‘तिसऱ्या जातीचं पुन्हा कधीतरी’ म्हणाला होतात. लिहिता का?

जुना सारंग · बुधवार, दुपारी ३:१५

लिहितो. त्यात गोड काही नाही.

जुन्या टगचा हुक मधोमध. जहाज सरळ मागे असेल तर ठीक. पण जहाजाने वेग वाढवला किंवा ते वळलं आणि टग मागे पडली तर दोर बाजूला येतो. मग ओढणारी टग नसते, जहाज असतं, आणि ते टगला आडवं ओढतं. आडवी ओढलेली टग उलटायला काही सेकंद पुरतात. याला गर्टिंग म्हणतात. हुक झटकन सोडायची सोय असते, पण ताण आल्यावर ती चालेलच असं नाही. १९ डिसेंबर २००७ ला स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवर दाट धुक्यात ‘फ्लाइंग फँटम’ अशीच उलटली. चार माणसं होती, एक वाचला.

त्याच क्लाइडच्या बाजूला, फोर्थ-क्लाइड कालव्यात, १८०३ मध्ये ‘शार्लट डंडास’ नावाच्या वाफेच्या बोटीने ७० टनांच्या दोन बार्ज सोसाट्याच्या उलट्या वाऱ्यात ओढून नेल्या होत्या. टगचं काम तिथून सुरू झालं असं म्हणतात. लाटांनी काठ ढासळतील म्हणून कालव्याच्या मालकांनी तिला पुढे चालू दिलं नाही.

माझ्यावर उलटायची वेळ आली नाही. एकदा मात्र एका जहाजावरून हिव्हिंग लाइन टाकली, गाठीत नुसती दोरी नव्हती, आत लोखंडी नट घातला होता. लांब जावी म्हणून. असं करू नये असं सगळीकडे सांगितलेलं असतं, तरी करतात. ती गाठ माझ्या सोबत्याच्या शिरस्त्राणाला घासून डेकवर पडली. पत्र्यावर नखाएवढा खळगा. तो नंतर कितीतरी वर्षं रंगाच्या थराखाली बोटाला लागायचा. म्हणून सांगतो, खलाशी वर मान करून दोरीची वाट बघत असतो, तो चेहरा टिपा.

चष्मेवाली · बुधवार, दुपारी ३:४०

…

भिजका कॅमेरा · बुधवार, रात्री ११:०५

काका, काय लिहू कळत नाही. आभार.

मीठपाणी · गुरुवार, सकाळी ८:३०

नुसतीच वाचत होते, आता थोडं कामाचं. धक्क्यावरून परत आल्यावर लेन्स कोरड्या कापडाने पुसू नका, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी फुंकणी, मग गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं मऊ कापड, मग कोरडं. धक्क्यावर लेन्स बदलणं टाळा.

परवानगीबद्दल. २००४ च्या १ जुलैपासून जगभरच्या बंदरांना आयएसपीएस नावाची सुरक्षा नियमावली लागू आहे. कुंपणाच्या आत तुम्हाला येऊ द्यायचं की नाही हे बंदराच्या हातात. मला एका ठिकाणी फाटकाबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभी असताना सगळे फोटो पुसायला लावले होते. वाद घातला, उपयोग शून्य. पुढच्या वेळी आधीच जाऊन पहारेकऱ्यांना भेटले, मोबाइलवर फोटो दाखवले, तर त्यांनीच सांगितलं की त्या तिकडच्या टोकाला उभ्या राहा, तिथून टग वळताना दिसतात. युद्धनौका दिसली तर मात्र कॅमेरा खाली. विचारत बसू नका.

टगवाल्यांना फोटो छापून नेऊन द्या. त्यांचे कामातले फोटो त्यांच्याकडे नसतात. मला त्यातूनच एकदा इंजिनखोली बघायला मिळाली. कानांत बोळे घालून.

नकाशाबहाद्दर · गुरुवार, सकाळी ९:१५

धूर आणि इंजिनं ज्यांना टिपायचीत त्यांनी लवकर टिपा. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड बंदरात २०२२ पासून ‘स्पार्की’ नावाची पूर्ण बॅटरीवरची टग काम करतेय. बोलार्ड पुल ७० टन, धुराडं नाहीच.

जुना सारंग · गुरुवार, सकाळी ११:००

७० टन, आणि आवाज नाही? बघायला हवी एकदा.

भिजका कॅमेरा · तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:३०

धागा वर काढतोय.

आज पहाटे साडेसहाला भरती होती. दोन टग सव्वापाचला निघालेल्या नकाशावर दिसल्या. मी कुशीवरच्या त्या पांढऱ्या बाणाचा अंदाज धरून धक्क्याच्या पार टोकाला जाऊन उभा राहिलो, सूर्य समोर. जहाज आलं. पांढरा-लाल झेंडा. नाकावर तीन माणसं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि जहाजाकडे बघायचंच नाही असं ठरवलं.

एकच फोटो डकवतोय. शटर १/१२५०. बाकी ऐंशी पुसले.

अपर्चर आठ · रविवार, दुपारी १:४४

अरे! मागे काळोखी भिंत, दोर निथळतोय, एकेक थेंब उन्हात. आणि तो माणूस. फवारणीला मागून उजेड दिलात, तिथेच जिंकलात. डावीकडचा लोंबता टायर ठेवलाय तेही बघितलं हं.

जुना सारंग · रविवार, दुपारी ४:३०

मोठा करून बघितला. दोर अजून ताणाने पूर्ण भरलेला नाही, तुम्ही एका श्वासाआधी दाबलंत. तो पोरगा दोराच्या रेषेत उभा नाही, विंचाच्या आडोशाला आहे, एक हात कठड्यावर. मान वर आहे, पण दोन्ही पाय आधीच मागे वळलेत. कुणीतरी नीट शिकवलंय त्याला.

छापून द्या त्याला एक.

भिजका कॅमेरा · रविवार, दुपारी ४:५०

देतो, काका. पुढच्या रविवारी.

चष्मेवाली · रविवार, संध्याकाळी ५:१०

आणि क्षितिज सरळ आहे!

भिजका कॅमेरा · रविवार, संध्याकाळी ५:१२

ताई, फोटोत क्षितिजच नाहीये.

चष्मेवाली · रविवार, संध्याकाळी ५:१३

तेच म्हणतेय.